दात यायलेत की त्याला!

हे वाक्य आमच्या घरातून कायमचं जायला हवं, आणि तुमच्याही. पोस्ट बाळांच्या जुलाबाबद्दल आहे आणि लांब आहे, पण घरात दोन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

जानेवारीतली गोष्ट. आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू होती. माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, आठ महिन्यांचा. भोगीच्या रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या, अंग तापलं आणि पहाटेपासून नुसती पाण्यासारखी शी. आई म्हणाली, "दात यायलेत की त्याला, होतंच असं." शेजारच्या काकूंनी सांगितलं, दूध बंद करा, पोटाला आराम द्या. मेडिकलमधून ॲन्टिबायोटिक आणि जुलाब थांबवायचं औषध आलं. दुपारी आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "टाळू पडलीय ह्याची." मग तेल आणून टाळूवर थापलं.

त्या क्षणाचा मी नंतर खूप विचार केला. आईच्या हाताला जे कळलं ते अगदी बरोबर होतं. टाळू खरंच आत गेली होती. अंगातलं पाणी संपत आलं की तान्ह्या बाळाची टाळू खोल जाते, डॉक्टरही तीच चाचपून बघतात. चुकलं ते पुढचं. तेलानं टाळू वर येत नाही, पोटात पाणी गेल्यावर येते. आणि आम्ही तर अंगावरचं दूधसुद्धा तोडलं होतं.

संध्याकाळी तो रडत होता, पण डोळ्यांतून पाणी येईना. लघवी कधी झाली होती, कुणालाच सांगता येईना. दवाखान्यात सिस्टरना त्या इवल्याशा हाताची शीर सापडत नव्हती, तीनदा टोचावं लागलं. वहिनी त्याचे पाय धरून उभी होती. रात्री दीडच्या सुमारास त्यानं वहिनीचा पदर भिजवला, तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

डॉक्टरांनी लसीकरणाचं कार्ड मागितलं. सगळी लक्षणं रोटाची, म्हणजे जुलाब करणाऱ्या एका विषाणूची, आहेत म्हणाले, आणि कार्डावर रोटाच्या लसीचा एकच डोस. वहिनी म्हणाली, "थेंब तर पाजलेत की!" ते पोलिओचे होते. दहाव्या आठवड्यात बाळाला सर्दी होती म्हणून गेलो नाही, चौदाव्या आठवड्यात ती माहेरी अक्कलकोटला. थेंबच तर आहेत, इंजेक्शन थोडंच आहे, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. साध्या सर्दीनं हा डोस चुकवायची गरज नसते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

रोटा हा विषाणू. 1973 मध्ये मेलबर्नमध्ये आजारी मुलांच्या आतड्यात तो पहिल्यांदा दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली चाकासारखा दिसतो म्हणून लॅटिनमधलं चाक, रोटा. ॲन्टिबायोटिक जिवाणूंवर चालतं, ह्याच्यावर नाही. आणि दातांचं म्हणाल तर रोटाचा जोर असतो साधारण सहा महिने ते दोन वर्षं ह्या वयात, दातही नेमके तेव्हाच येतात. आईकडून मिळालेलं संरक्षण तोवर ओसरलेलं असतं, बाळ रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं. दोन्ही गोष्टी एकाच वयात येतात, म्हणून पिढ्यान् पिढ्या दोष दातांना जातो. आपल्याकडे रोटा थंडीत जास्त, म्हणजे नेमका गड्ड्याच्या दिवसांत.

आता पाण्याचं. सोलापुरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते मी सांगायला नको. पिंप आणि हौद भरून ठेवल्याशिवाय आपलं चालतच नाही. पिंपावर झाकण, पाणी काढायला दांड्याचं ओगराळं, बाळाची शी धुतल्यावर साबणानं हात, हे सगळं हवंच. पण एवढ्यानं रोटा अडत नाही. लागणीला अगदी थोडे विषाणू पुरतात, आणि ते खेळण्यांवर, दाराच्या कडीवर तग धरून राहतात. चोवीस तास स्वच्छ पाणी असलेल्या देशांतही लस येण्याआधी जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत हा होऊन जायचा. म्हणून लस.

आणि ती आपल्याच देशात बनते. एक लस दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूपासून तयार झाली. त्या बाळांना लागण होती, पण ती आजारी पडली नव्हती. चाचण्या दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळ झाल्या. महाराष्ट्रात 2019 पासून सरकारी लसीकरणात रोटाची लस फुकट मिळते. लस घेतली की जुलाब कधीच होणार नाहीत असं नाही. पण रोटाचा गंभीर आजार, म्हणजे सलाईनपर्यंत नेणारा, निम्म्याहून जास्त टळतो. मला तेवढं पुष्कळ वाटतं. त्या रात्रीचं सलाईन मी पाहिलंय.

जुलाब लागलेच तर दूध तोडू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं एकदम घाला. चिमूटभर पेल्यात टाकून प्रमाण बिघडतं, आणि पाणी कमी पडलं तर बाळाच्या अंगात मीठ वाढतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्यानं परत सुरू करा. फळांच्या चवीची गोड खोकी ओआरएस नव्हेत. झिंक चौदा दिवस द्यायचं, शी थांबली तरी. डोस बाळाच्या वयाप्रमाणे डॉक्टर किंवा आशाताई सांगतील. बाळ मलूल पडलं, पिईना, लघवी थांबली, शीतून रक्त आलं, तर दवाखाना गाठायला दुपारची संध्याकाळ होऊ देऊ नका.

आज कार्ड काढा. रोटाच्या ओळीत तीन तारखा हव्यात: सहावा, दहावा, चौदावा आठवडा. पोलिओची ओळ वेगळी असते, तिच्याशी गल्लत नको. डोस राहिला असेल आणि बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर पहिला डोस तोवर सुरू करता येतो. आशाताईंना विचारा, किंवा बाळाला घेऊन सरळ जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जा.