मुंबई–चिपी पंचवीस मिनिटांत होत नाही

गणपती जवळ आले की आमच्या वाडीच्या ग्रुपवर सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाबद्दल एक मेसेज फिरायला लागतो: ‘मुंबई ते चिपी फक्त ३५० किलोमीटर, विमानाला २५ मिनिटं पुरतात. तिकिटावर सव्वा-दीड तास छापतात ती शुद्ध फसवणूक. चिपीचं विमान नसेल तर गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरा, तिथून चिपी ४५ किलोमीटर, पाऊण तासात घरी.’ याच्या भरवशावर माणसं म्हाताऱ्या आईवडिलांचा प्रवास ठरवतात, म्हणून हे लिहितोय.

३५० हा आकडा खरा आहे. पण तो नकाशावर पट्टी ठेवून मोजलेला. रस्त्याने घाट आणि वळणं धरून हेच अंतर पाचशेच्या घरात जातं. आणि विमान तरी कुठे पट्टीवरून उडतं? निघताना ठरलेल्या वाटेने बाहेर पडायचं, उतरताना धावपट्टीच्या रोखाने यायला वळसा घ्यायचा. त्यात किलोमीटर वाढतातच.

खरी गफलत २५ मिनिटांत आहे. ३५० किलोमीटर २५ मिनिटांत कापायचे तर ताशी ८४० चा वेग हवा. तो मोठ्या जेटचा, तोही पूर्ण उंची गाठल्यावरचा. चिपीला ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानं सुरू झाली ती एटीआर ७२ ची, पंख्याची. त्यांचा वेग ताशी ५०० च्या आसपास. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत त्याच वेगाने गेलं असं धरलं तरी ४२ मिनिटं होतात, आणि चढताना-उतरताना वेग त्याहून बराच कमी असतो.

२०२२ च्या गणपतीला आईला घेऊन मी त्याच विमानाने गेलो. तिच्या खिडकीतून पंख्याची सहा पाती आणि खालचं चाक, दोन्ही दिसत होतं. दार लागल्यापासून मी घड्याळ बघत होतो. चाकाने जमीन सोडेपर्यंत अठरा मिनिटं गेली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि विमानं रांगेत थांबतात. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. ही रांग तिच्यात धरलेली असते. यात फसवणूक कसली?

उलट मेसेज खरा मानून माझ्या चुलतभावाने रिक्षावाल्याला पाऊण तास आधीच चिपीच्या सड्यावर, उघड्या पठारावर, बोलावून ठेवलं होतं. भर पावसात, आडोसा नाही. त्याचे हाल कोणी मोजायचे?

आता मोपा. ४५ किलोमीटर हेही पट्टीचंच अंतर. कुडाळ, सावंतवाडी, बांदा असं रस्त्याने गेलात तर सत्तरच्या आसपास पडतं आणि गणपतीच्या गर्दीत दीड-दोन तास सहज जातात. शिवाय चिपीच्या धावपट्टीवर कोणाचं घर आहे? बांद्याच्या माणसाला मोपा हाकेच्या अंतरावर, त्याने चिपीला उतरायचंच कशाला? जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झाल्यावर सावंतवाडीकडची कितीतरी घरं तिकडूनच येतात, आणि ते बरोबरच आहे. पण देवगडच्या माणसाला तिथून घरी पोचायला शंभराच्या वर किलोमीटर गाडी हाकावी लागते. त्याला ‘पाऊण तासात घरी’ हे कृपा करून पाठवू नका.