हेलिकॉप्टरला वेग कशाला हवाय?

हेलिकॉप्टरच्या भविष्याबद्दल काहीही वाचायला घ्या, एक आकडा ठळक टायपात असतोच: ताशी किती किलोमीटर. अमेरिकेचं व्ही-280 इतकं पळतं, युरोपचं रेसर तितकं पळतं, विजेवरची एअर टॅक्सी कनॉट प्लेसहून गुरुग्रामला सात मिनिटांत पोचवणार. मला या आकड्याचा आता कंटाळा आलाय. पळायचंच असेल तर विमान आहे की! हेलिकॉप्टर घेतात ते हवेत एका जागी उभं राहता यावं म्हणून. आणि त्या उभं राहण्याचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊनच बसा.

आधीच सांगून टाकतो, मी विमानवाला नाही. भोसरीत गिअरच्या कारखान्यात आयुष्य गेलं, तेही ट्रॅक्टरचे आणि टेम्पोचे गिअर. हेलिकॉप्टरचं वेड शाळेपासूनचं. त्यामुळे माझा सगळा कल गिअरबॉक्सकडे झुकणार, ते सांभाळून घ्या.

मुळात हेलिकॉप्टर हळू का? पात्याचं टोक साधारण सेकंदाला 215 मीटरने फिरत असतं. हेलिकॉप्टर ताशी 300 किलोमीटरने पुढे निघालं की त्यात सेकंदाला 83 मीटरची भर पडते. म्हणजे पुढे येणाऱ्या पात्याचं टोक 298 वर, आवाजाच्या वेगाच्या जवळ. मागे जाणाऱ्या पात्याच्या टोकाला वारा लागतो फक्त 132 चा, आणि मुळाजवळ तर जवळपास काहीच नाही. एक बाजू आवाजाच्या भिंतीला टेकलेली, दुसऱ्या बाजूला उचलायला वाराच नाही. 1986 साली ब्रिटिशांच्या लिंक्सने खास टोकांची पाती लावून ताशी 400.87 किलोमीटर गाठले. साध्या धाटणीच्या हेलिकॉप्टरकडून याहून फारसं काही निघत नाही.

यातून वाटा काढल्या गेल्या. सिकॉर्स्की या अमेरिकी कंपनीने एकावर एक उलट फिरणारे दोन ताठ रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांचे संच, घेतले आणि शेपटीला ढकलणारा पंखा लावला. एअरबसच्या रेसरने छोटे पंख आणि दोन बाजूंना दोन पंखे लावले. एप्रिल 2024 मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि थोड्याच आठवड्यांत ताशी 400 च्या पुढे गेलं. सरळ उडताना एक इंजिन झोपवून इंधन वाचवायची त्यांची कल्पना मला वेगापेक्षा जास्त आवडली. तिसरी वाट टिल्टरोटरची: उतरताना हेलिकॉप्टर, उडताना विमान. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकी लष्कराने ब्लॅक हॉकच्या जागी बेलचं व्ही-280 निवडलं ते याच वाटेचं. त्यांचं गणित त्यांच्यापुरतं बरोबर आहे. पॅसिफिकमध्ये एका बेटावरून दुसऱ्या बेटावर शेकडो मैल जायचं तर वेग आणि पल्ला हवाच. त्याच लष्कराने फेब्रुवारी 2024 मध्ये टेहळणीच्या वेगवान हेलिकॉप्टरचा आख्खा प्रकल्प गुंडाळला. युक्रेनचं युद्ध बघून त्यांना पटलं की ते काम ड्रोन करतील. प्रश्न एवढाच की त्यांची गरज ती आपली गरज कधी झाली?

आता तो न मांडलेला हिशोब. हेलिकॉप्टरचं वजन घ्या आणि पाती फिरून जे वर्तुळ होतं त्याच्या क्षेत्रफळाने भागा. याला डिस्क लोडिंग म्हणतात. मी उत्पादकांच्या आकड्यांवरून कागदावर काढलं. आपल्या सेनादलांचं हलकं हेलिकॉप्टर चीता: चौरस मीटरला साधारण 20 किलो. ब्लॅक हॉक: 47 च्या आसपास. ऑस्प्रे हे टिल्टरोटर: पूर्ण वजनाने सरळ वर उचललं तर 113. विमानासारखं उडायचं म्हणून त्याची पाती आखूड ठेवावी लागली, त्याचा हा भुर्दंड. व्ही-280 त्या मानाने बरं आहे, पण चीताच्या जवळपासही नाही.

हा आकडा वाढला की दोन गोष्टी होतात. एक, तेवढंच वजन धरून ठेवायला जास्त ताकद लागते. दुसरी गोष्ट खाली उभ्या माणसाला कळते. आदर्श गणिताने चीताच्या खाली वारा ताशी 65 किलोमीटरच्या आसपास पोचतो, ब्लॅक हॉकच्या खाली शंभराच्या घरात, आणि ऑस्प्रेच्या खाली दीडशेच्या वर. चक्रीवादळाच्या बातमीत आपण ऐकतो तसले आकडे हे.

एप्रिल 2022 मध्ये झारखंडात देवघरजवळ त्रिकूट पहाडावर रोपवे अडकला होता, आठवत असेल. माणसं ट्रॉल्यांमध्ये लटकलेली, खाली खोल दरी. हवाई दलाचं हेलिकॉप्टर वर येऊन थांबलं की पात्यांच्या वाऱ्याने ट्रॉल्या झुलायला लागायच्या. त्या वाऱ्यात दोरावरून उतरून एकेक माणूस वर घ्यायचा! तिथे ताशी 500 किलोमीटरच्या यंत्राला काय काम होतं? तेच पुराचं. 2019 ला सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं तेव्हा गच्चीवर उभ्या माणसाला हेलिकॉप्टर किती जोरात आलं याचं सुखदुःख नव्हतं. ते डोक्यावर किती वेळ आणि किती स्थिर थांबतं, आणि गच्चीवरचे पत्रे उडवतं की नाही, एवढंच महत्त्वाचं होतं.

चीताचा विषय निघालाय तर त्याचं मूळही सांगतो, कारण आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं. ते फ्रेंच लामाचं भारतीय रूप, आणि लामा बनलंच भारतीय सेनादलांच्या मागणीवरून, हिमालयासाठी. जुन्या अलुएत 2 हेलिकॉप्टरचा सांगाडा घेतला आणि त्यावर अलुएत 3 चं इंजिन आणि रोटर चढवले. हलकं शरीर, मोठी पाती. बस. 21 जून 1972 रोजी जाँ बुले हा वैमानिक ते घेऊन 12,442 मीटरवर गेला. वर इंजिन विझलं, पुन्हा सुरू होईना. तिथून खाली जमिनीपर्यंत तो नुसत्या वाऱ्याने फिरणाऱ्या पात्यांच्या जोरावर उतरला. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जड डिस्कवाल्या टिल्टरोटरला ते नीट जमत नाही आणि बऱ्याचशा एअर टॅक्स्यांना तर मुळीच जमत नाही. त्या जास्तीच्या मोटारींवर भिस्त ठेवतात.

5,000 मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के उरते. सियाचीनवर पन्नास वर्षांपूर्वीच्या डिझाइनचं चीता अजून उडतंय याची लाज वाटायला हवी हे खरंच, पण ते इतकी वर्षं का टिकलं हेही बघायला हवं. तिकडे मंगळावर हवेची घनता आपल्या एक टक्का. तिथे 2021 पासून 72 वेळा उडालेल्या नासाच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरचं वजन 1.8 किलो आणि रोटर 1.2 मीटरचा. उत्तर तेच, हलकं अंग आणि लांब पाती.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. 29 एप्रिल 2016 ला नॉर्वेत तेलाच्या फलाटावरून बर्गेनला येणाऱ्या सुपर प्युमाचा मुख्य रोटर हवेत निखळला. रोटर एकीकडे फिरत राहिला आणि हेलिकॉप्टर तुरॉय नावाच्या बेटाजवळ कोसळलं. 13 माणसं गेली. कारण निघालं गिअरबॉक्समधला एक प्लॅनेट गिअर, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणारा छोटा गिअर. त्याच्या आतल्या बाजूला, बेअरिंगच्या रोलर फिरतात त्या पृष्ठभागावर, डोळ्याला न दिसणारा खड्डा पडला. त्यातून चीर सुरू झाली आणि आतल्या आत पसरत गेली. तेलातले लोखंडाचे कण पकडायला चिप डिटेक्टर असतो, पण कण पुरेसे सुटलेच नाहीत. चीर बोललीच नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून झोप लागत नाही. पिटिंग झालेला दात मी असंख्य वेळा दिव्याखाली फिरवून बघितलाय. राखाडी चकचकीत अंगावर टाचणीने टोचल्यासारखे ठिपके, बोटाला लागतही नाहीत. पण ट्रॅक्टरचा दात तुटला तर ट्रॅक्टर शेतात उभा राहतो.

उलटा प्रकार नोव्हेंबर 2023 मध्ये जपानच्या याकुशिमा बेटाजवळ झाला. ऑस्प्रे समुद्रात कोसळलं, आठ जण गेले. इथे चिप डिटेक्टरचे इशारे पुन्हा पुन्हा येत होते, तरी उड्डाण चालूच राहिलं. शेवटी गिअरबॉक्समधला पिनियन, म्हणजे छोटा गिअर, फुटला. संशय स्टीलमधल्या इन्क्लूजनवर, म्हणजे ओतताना आत राहिलेल्या कचऱ्यावर. उपाय काय, तर तीनदा वितळवून शुद्ध केलेलं स्टील. आम्ही स्टीलवाल्याच्या टीसीवर, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेटवर, विश्वास ठेवून माल घेतो आणि मधूनअधून एखादा तुकडा कापून, घासून मायक्रोस्कोपखाली बघतो. काळे ठिपके मर्यादेत असले की पास. तिथे मर्यादेतला ठिपकासुद्धा आठ माणसं घेऊन जाऊ शकतो. नव्या डिझाइनमध्ये गिअरबॉक्स तिरपे होणार, वाढणार, जास्त ताकद ओढणार. चकचकीत व्हिडिओत यातलं काही दिसत नाही.

याच कारणासाठी एअर टॅक्सीवाल्यांना मी एका बाबतीत मानतो. मोटार थेट पंख्याला जोडली की रोटर फिरवणारा गिअरबॉक्सच गेला. आवाजही कमी. पण बॅटरीच्या सेलमध्ये किलोमागे साधारण 250 वॉट-तास मावतात, विमानाच्या केरोसीनमध्ये बारा हजाराच्या आसपास. टर्बाइन त्यातलं सत्तर टक्के वाया घालवतं असं धरलं तरी फरक साधारण चौदा पट राहतो. आणि सगळ्यात जास्त ऊर्जा खातं ते हॉवर, म्हणजे हवेत एका जागी उभं राहणं! म्हणून ही यंत्रं शक्य तितक्या लवकर पंखांवर जायला बघतात. जर्मनीच्या लिलियमने बारीक-बारीक पंख्यांचं जेट काढलं होतं. 2024 मध्ये दिवाळखोरीत गेलं. व्होलोकॉप्टर पॅरिस ऑलिम्पिकला प्रवासी नेणार होतं. ते झालं नाही आणि वर्षअखेर तेही दिवाळखोरीत. जॉबीसारखे काही टिकतील, श्रीमंतांना विमानतळावर सोडतील, सोडोत बापडे. पण जुहूहून मुंबई हायच्या फलाटावर माणसं नेणं, वाऱ्यात टेकणं आणि परत येणं हे काम त्यांच्याकडून मी तरी इतक्यात अपेक्षित धरत नाही.

विजेचा मला पटणारा उपयोग वेगळाच आहे. एअरबसने एक इंजिनाच्या हेलिकॉप्टरवर 100 किलोवॉटची मोटार बसवून बघितली. इंजिन गेलं की ती तीस सेकंद ताकद देते. तेवढ्यात वैमानिक जागा बघून नीट उतरतो. असल्या बातमीला लाइक मिळत नाहीत.

आपल्याकडे ‘प्रचंड’ नावाचं लढाऊ हेलिकॉप्टर आहे, ते 5,000 मीटरवर उतरतं आणि तिथून उडतं. 2025 च्या मार्चमध्ये 156 ची ऑर्डर झाली. चीताच्या जागी एलयूएच हे नवं हलकं हेलिकॉप्टर आणायचं चाललंय. चाललंय म्हणजे 2016 ला पहिल्यांदा उडालं, आणि सियाचीनवर अजून चीताच. पुढे 13 टनी हेलिकॉप्टर यायचंय आणि त्याच्यासाठी सॅफ्रान या फ्रेंच इंजिन कंपनीसोबत अरावली नावाचं इंजिन. दिशा मला बरोबर वाटते: वेगाच्या शर्यतीत न उतरता उंचीवर उभं राहणारं यंत्र. पण जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तिघे गेले, आणि तपासात स्वॅशप्लेट, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारी तबकडी, तुटल्याचं पुढे आलं. आख्खा ताफा कित्येक महिने जमिनीवर. टिल्टरोटर आपल्याला का जमत नाही म्हणून कमेंटमध्ये भांडणाऱ्यांनी तो एक भाग आधी बघावा. एक धातूची तबकडी, आणि तिच्यापायी तिन्ही दलं अडली.

तर 13 टनी हेलिकॉप्टरबद्दल माझे दोनच प्रश्न आहेत. रोटरचा व्यास किती ठेवताय, आणि मुख्य गिअरबॉक्सच्या गिअरचं स्टील कुठून येणार, इथे वितळणार की बाहेरून? मित्रयादीत ही हेलिकॉप्टरं बनवणाऱ्या एचएएलचे (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे) एक-दोन लोक आहेत. सांगता येण्यासारखं असेल तर खाली लिहा. टॉप स्पीड नाही सांगितलात तरी चालेल.