तीन मॉनिटर, एक कार्ड आणि अखंड घरघर

तुम्हाला टेबलावर एकाऐवजी तीन मॉनिटर हवे आहेत, ते चालवणारे ग्राफिक्स कार्ड खिशाला झेपणारे हवे आहे आणि त्याचा आवाज मात्र अजिबात नको आहे, हे ऐकून आनंद झाला. या तिन्ही अपेक्षा इतक्या साध्या आहेत, की जरा लक्ष दिले तर एका संध्याकाळी त्या पूर्ण होऊन जातील आणि पुढचे सहा महिने तुम्हाला चिडायला काही कारणच उरणार नाही. तसा प्रसंग ओढवू नये म्हणून हे मार्गदर्शन. ते काटेकोरपणे पाळल्यास अनावश्यक खर्च, अखंड घरघर आणि काळाठिक्कर तिसरा मॉनिटर या तिन्ही गोष्टी एकाच खरेदीत पदरी पडतात, अशी हमी प्रस्तुत लेखक स्वानुभवावरून देऊ शकतो.

पहिली खबरदारी अशी, की तिसऱ्या मॉनिटरवर नेमके काय उघडून ठेवणार आहात, हा प्रश्न स्वतःला विचारू नये आणि दुसऱ्या कोणी विचारलाच तर ‘कामाचे’ एवढेच उत्तर द्यावे. हिशेबाचे तक्ते, पत्रव्यवहार आणि एखादा लांबलचक मसुदा असे खरे उत्तर तोंडातून निसटले, तर समोरचा जाणकार कागद-पेन्सिल घेऊन बसतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एका पडद्याचे चित्र साधारण ८.३ मेगाबाइटचे आणि तिन्ही पडद्यांचे मिळून २५ मेगाबाइटचे, हे तो तुम्हाला मांडून दाखवतो. खिडक्या एकमेकींवर रचण्यासाठी याच्या काही पट मेमरी लागते हे मान्य केले, तरी ८ गिगाबाइटचे कार्ड घेण्याचे समर्थन त्यातून काही केल्या निघत नाही. त्यावर कळस म्हणजे, विंडोज ९८ मध्ये एका संगणकाला ९ मॉनिटर जोडण्याची सोय होती आणि मॅट्रॉक्सचे जी४०० हे कार्ड १९९९ मध्ये दोन मॉनिटर सांभाळत होते, असा इतिहासही तो ऐकवतो. असल्या माणसाला चहा न देता निरोप द्यावा.

तो गेल्यावर कार्डांची यादी उघडावी आणि प्रत्येक कार्ड अमुक खेळात सेकंदाला किती चित्रे काढते, त्यावर त्यांची प्रतवारी लावावी. तुम्ही खेळ खेळत नसलात, तरी याने काही बिघडत नाही. हिशेबाचा तक्ता सेकंदाला १४० वेळा नव्याने रंगवला गेला म्हणजे त्यातील बेरजा अधिक अचूक येतात, असे मनाला पटवून द्यावे. मदरबोर्डावरचा कार्ड बसवायचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत वीज स्वतःच पुरवतो आणि तेवढ्यात भागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसपासून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यापासून, वेगळी वायर ओढावी लागत नाही, ही माहिती वाटेत आडवी आलीच तर पुढे सरकावे. कमी वॅट म्हणजे कमी उष्णता, कमी उष्णता म्हणजे पंख्याला कमी काम आणि कमी काम म्हणजे शांत पंखा, ही साखळी एकदा डोक्यात शिरली, की माणूस आयुष्यात पुन्हा मोठे कार्ड घेऊ शकत नाही.

कार्डाच्या खोक्यावरचे चित्र मनसोक्त पाहावे, पण कॅबिनेटच्या मागून दिसणारी कार्डाची ती पत्र्याची पट्टी, जिच्यावर पोर्ट, म्हणजे मॉनिटरच्या केबली लावायच्या खाचा, असतात, ती चुकूनही पाहू नये. तुमच्या गरजेचे सगळे उत्तर त्या चार बोटे लांबीच्या पत्र्यावर लिहिलेले असते. एनव्हिडियाच्या जीटी १०३० चे उदाहरण घ्या. २०१७ चे हे कार्ड ३० वॅटमध्ये भागवते, बिनपंख्याचेही मिळते, म्हणजे शांततेच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण. फक्त ते दोनच मॉनिटर चालवते. एएमडीचे २०२२ चे आरएक्स ६४०० हे ५३ वॅटचे, बरेच नवे आणि बरेच जोरकस, पण पोर्ट तिथेही दोनच. ‘स्वस्त आणि शांत’ एवढे दोनच शब्द शोधणाऱ्याला ही दोन्ही कार्डे चटकन सापडतात आणि तिसऱ्या मॉनिटरची केबल हातात धरून तो टेबलाखाली वाकला, की मगच त्याला मोजणीचे महत्त्व कळते. आपल्याला हाच क्षण हवा आहे.

याउलट २०२१ चे एनव्हिडिया टी४०० हे कार्ड शक्यतो नजरेआड ठेवावे. ते ३० वॅटचे, एका स्लॉटच्या जाडीचे आणि बुटके असून त्याच्या पट्टीवर ३ मिनी डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायच्या पोर्टाचा एक लहान प्रकार) असतात. त्याचेच थोरले भावंड टी६०० हे ४० वॅटमध्ये ४ मॉनिटर चालवते. ही कार्डे कचेऱ्यांसाठी बनवलेली असल्याने त्यांच्यावर दिवे नाहीत, खोक्यावर राक्षस नाही आणि नावात दरारा नाही. अशी वस्तू घेतली तर पाहुण्यांना दाखवायचे तरी काय? जीटी ७१० वर चार एचडीएमआय पोर्ट बसवलेले, बिनपंख्याचे आणि मदरबोर्डावरच्या सर्वांत आखूड स्लॉटमध्ये मावणारे एक कार्ड असुसने २०२० मध्ये काढले होते, ते तर ऐकूनही विसरून जावे. मात्र ते मोहवीतच असेल, तर जीटी ७१० चे नियमित ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रणालीच्या नव्या आवृत्त्या, २०२१ मध्येच थांबले आणि सुरक्षेपुरती डागडुजीही २०२४ पर्यंतच चालली, हे विसरून अगदी आज ते नवे म्हणून घ्यावे. स्वस्ताईचा तोही एक मार्ग आहे.

पोर्टांची संख्या चुकून बरोबर आलीच, तर निराश होऊ नये. पोर्टांचा प्रकार चुकवण्याची संधी अजून शिल्लक असते. या विभागात आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही परंपरा अडॅप्टरच्या रूपाने जिवंत आहे. कार्डावर डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल, तर साधी केबल चालते, कारण अशा वेळी कार्ड स्वतःच आपली बोली बदलून एचडीएमआयचा संदेश पाठवते. ती केबल उलटी लावली, म्हणजे कार्डाला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट अशी, तर काहीही घडत नाही. तिथे संदेशाचे रूपांतर करणारे सक्रिय अडॅप्टर लागते आणि त्याला बहुधा वेगळी वीजही द्यावी लागते. दोन्ही टोके दोन्हीकडे घट्ट बसतात, हीच तर या केबलची गंमत. प्रस्तुत लेखकाने अशी केबल घेऊन मॉनिटर बिघडला असा निष्कर्ष दोनदा काढला आहे. डीव्हीआय-डी पोर्टातून जुन्या व्हीजीए मॉनिटरला साध्या अडॅप्टरने चित्र मिळेल, ही आशाही जोपासण्यासारखी आहे, कारण त्या पोर्टात व्हीजीएला हवा असलेला अ‍ॅनालॉग संदेश मुळातच नसतो. आणि एका एचडीएमआयचे दोन करणारी डबी अवश्य घ्यावी. ती दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दाखवते, त्यामुळे एक मान डावीकडे आणि एक उजवीकडे असणाऱ्यांची उत्तम सोय होते.

आता आवाजाकडे वळू, कारण खरे कौशल्य इथेच लागते. कार्डावरचा पंखा जितका लहान तितका चांगला, असे धरून चालावे. लहान पंख्याला मोठ्याइतकीच हवा ढकलण्यासाठी कितीतरी जास्त वेगाने फिरावे लागते आणि त्याचा सूर घरघरीकडून किणकिणीकडे जातो, जो बंद दारातूनही ऐकू येतो. खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यांची साधी बेरीज करावी. दोन सारखे पंखे एकत्र फिरले की आवाज दुप्पट डेसिबल होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, हे हिशेब शाळेतल्या बेरजेहून किचकट आहेत. त्यात पडू नये.

काही कार्डांचा पंखा हलक्या कामात पूर्ण थांबतो. ठराविक तापमान ओलांडले तरच तो फिरू लागतो, एरवी पाती स्तब्ध. हे वैशिष्ट्य धोकादायक आहे, कारण हिशेबाचे तक्ते पाहणाऱ्या माणसाच्या कार्डाचा पंखा मग कधीच सुरू होणार नाही. सुदैवाने यावर एक अप्रतिम तोडगा आहे आणि तो मॉनिटरच्या निवडीत दडलेला आहे. एक मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने रंगवणारा, घ्यावा, दुसरा ७५ हर्ट्झचा आणि तिसरा १४४ हर्ट्झचा. शक्यतो तिन्हींची रुंदी-उंचीही वेगवेगळी असावी.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. काम नसेल तेव्हा कार्डाला आपल्या मेमरीचा वेग उतरवून झोप काढायची असते. पण हा वेग बदलताना क्षणभर मेमरीतून चित्र वाचता येत नाही, म्हणून हा बदल मॉनिटरकडे चित्राच्या ओळी जात नसतील अशाच वेळी करावा लागतो. तसा अवकाश प्रत्येक चित्राच्या शेवटी मिळतो. नेहमीच्या ६० हर्ट्झच्या १०८० ओळींच्या चित्राला प्रत्यक्षात ११२५ ओळींचा वेळ दिलेला असतो आणि त्यातल्या ४५ ओळी रिकाम्या जातात, म्हणजे सेकंदाचा सुमारे दीड हजारावा भाग. एकच मॉनिटर असेल तर कार्ड तेवढ्यात काम उरकते. तिन्ही मॉनिटर एका जातीचे आणि एका तालात असतील, तर त्यांचे हे रिकामे क्षण जुळवूनही घेता येतात. परंतु तिघे तीन तालांत चालू लागले, की एकाची उसंत दुसऱ्याच्या धावपळीत पडते, कार्डाला संधी मिळत नाही आणि मेमरी कायम पूर्ण वेगात जागी राहते. समोर रिकामा डेस्कटॉप असतानाही कार्ड मग जास्तीची वीज खाते. कार्डागणिक फरक पडतो, पण दहा-वीस वॅटांची वाढ नवलाची नाही.

आणि इथेच आधीच्या वैशिष्ट्याचा खरा उपयोग होतो. या जास्तीच्या विजेने कार्ड हळूहळू तापत पंखा सुरू होण्याच्या सीमेपर्यंत येते, पंखा फुर्र करून फिरतो, दोन मिनिटांत कार्ड निवते, पंखा थांबतो, कार्ड पुन्हा तापते. सतत चालणाऱ्या आवाजाची कानाला सवय होते. दर चार मिनिटांनी होणाऱ्या आवाजाची होत नाही. शांत कार्डाकडून एवढी सेवा मिळवणे हे सामान्य खरेदीदाराचे काम नव्हे. कोणी १४४ हर्ट्झचा मॉनिटर सेटिंगमध्ये जाऊन १२० किंवा ६० वर आणायला सांगेल आणि तेवढ्याने मेमरी पुष्कळदा झोपीही जाते. पण १४४ चे पैसे मोजून ६० पाहणे स्वाभिमानी माणसाला शोभत नाही.

एवढे करूनही पंख्याचाच राग येत असेल, तर बिनपंख्याचे कार्ड घ्यावे आणि ते अशा कॅबिनेटमध्ये कोंडावे, जिच्यात हवा खेळत नाही. बिनपंख्याचे कार्ड उष्णता नाहीशी करत नाही, ती कॅबिनेटमध्ये सोडून देते आणि पुढची जबाबदारी इतरांवर टाकते. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्डाचे हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग, बहुधा जमिनीकडे तोंड करून असते, त्यामुळे वर जाऊ पाहणारी गरम हवा कार्डाच्याच पाठीला अडते. त्याच्या खालच्या स्लॉटमध्ये आणखी एखादे कार्ड चिकटवून बसवल्यास परिणाम अधिक खुलतो. कॅबिनेटमधला एक मोठा पंखा मंद वेगाने फिरवला तर हे सगळे मिटते, म्हणून तो पंखा आवाज कमी करण्याच्या नावाखाली आधीच काढून टाकलेला बरा. मग प्रोसेसरचा पंखा कार्डाच्या वाट्याचेही ओरडतो आणि तुम्ही ‘कार्ड मात्र एकदम शांत आहे’ असे प्रामाणिकपणे सांगू शकता.

मदरबोर्डाच्या मागे, कार्डाच्या वरच्या बाजूला, प्लास्टिकची टोपणे लावलेली काही पोर्ट असतात. त्यांना हात लावू नये. इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांपासून, म्हणजे २०१२ पासून, मदरबोर्डावर तशी पोर्ट असतील तर प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक्स तीन मॉनिटर चालवू शकते, तेही एकही नवा पंखा न बसवता. नावाच्या शेवटी एफ असलेला इंटेलचा प्रोसेसर घेतला असेल तर प्रश्नच मिटला, कारण त्यात हे ग्राफिक्स चालूच नसते. नसेल एफ, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक पर्याय चालू करून दोन मॉनिटर कार्डाला आणि तिसरा मदरबोर्डाला जोडण्याचा मार्ग खुला राहतो, आणि मग वर निंदा केलेले दोन पोर्टांचे बिनपंख्याचे कार्डही अचानक पुरेसे ठरते. टोपणे घट्ट आहेत ना, एवढे पाहून कॅबिनेट भिंतीला सरकवावी.

येथवर सर्व सूचना पाळल्या असतील, तर तिन्ही मॉनिटर एव्हाना सुरू झाले असतील आणि सुरुवातीला टाळलेला प्रश्न आता समोर उभा असेल. त्याचे उत्तरही तयार आहे. तिसऱ्या मॉनिटरवर कार्डाचे तापमान, मेमरीचा वेग आणि पंख्याचे फेरे दाखवणारा आलेख उघडून ठेवावा. आवाज नेमका कशाने होतो, हे त्यावर डोळे लावून शोधावे. एके रात्री तुम्हाला सुचेल, की १४४ हर्ट्झचा हा तिसरा मॉनिटर बंद करून पाहावा. त्याची केबल काढताच मेमरीचा वेग कोसळतो, थोड्या वेळाने पंखाही थांबतो, आणि हे दाखवणारा आलेख नेमका त्याच मॉनिटरवर असल्यामुळे तुम्हाला दिसत नाही. तेव्हा खात्री करून घेण्यासाठी केबल पुन्हा जोडावी.