माप ओलांडून आत

दुकानात माणूस स्पीकर बघतो, घरी येतं ते खोकं. पुढची बहुतेक रडारड या एका फरकातून सुरू होते. जमिनीवर उभा राहणारा मध्यम टॉवर स्पीकर घ्या: उंची ११० सेंटीमीटर, रुंदी २२, खोली ३५, वजन तीसेक किलो. म्हणजे पहिलीतल्या एखाद्या गुटगुटीत मुलाएवढा. या मापावर आपण हॉलमध्ये खडूने जागासुद्धा आखून ठेवतो. त्याचं खोकं मात्र १२५ बाय ४० बाय ५५ भरतं आणि वजन ३८ किलोवर जातं, कारण आत फोमच्या जाडजूड उशा, कापडी पिशवी, जाळी, तळाची पाटी, स्क्रूंची पाकिटं असा सगळा रुखवत असतो. आणि अशी खोकी दोन. आणखी महागात शिरलात तर एकेक नग साठ किलोचा, लाकडी पेटीतून येतो, आणि पेटी उघडायला आधी शेजाऱ्यांकडे पाना मागावा लागतो.

म्हणून पैसे भरण्याआधी टेप घ्यावी आणि हॉल सोडून बाकी सगळं मोजावं. लिफ्टचं दार, लिफ्टच्या आतली जागा, जिन्याचं वळण, आणि सेफ्टी डोअर उघडल्यावर खरोखर उरणारी फट. हॉल कोणीही मोजतो. हॉलपर्यंत पोचायचं माप कोणी घेत नाही.

परदेशी स्पीकर बहुधा न्हावा-शेवा बंदरात उतरतो, भिवंडीच्या गोदामात मुक्काम करतो आणि कशेळी-बाळकुमच्या वाटेने ठाण्यात येतो. समुद्रावरचे कित्येक आठवड्यांचे हेलकावे त्याने मुकाट्याने सोसलेले असतात. त्याचा खरा कस कापूरबावडी नाक्यापासून पुढे लागतो. छोट्या हत्तीत, म्हणजे पिटुकल्या टेम्पोत, खोकी उभी ठेवायची, ड्रायव्हरच्या केबिनला टेकवून, पट्ट्याने आवळून. खोक्यावरचे बाण वरच्या दिशेला असतात ते शोभेसाठी नव्हेत. पावसाळ्यात ताडपत्री वरून तर हवीच, पण खालीही हवी, कारण हत्तीच्या पत्र्यावर पाणी साचतं आणि खोकं ते तळातून पितं. स्पीकरची पेटी बहुधा एमडीएफची असते. लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला तो पदार्थ एकदा पाणी पिऊन फुगला की पुन्हा कधी बसत नाही.

मुहूर्ताचा आग्रह असेल तर ठाणेकरांनी जरा भूगोल पाहावा. पाडव्याला सकाळी कौपिनेश्वराची स्वागतयात्रा, दसऱ्याच्या आसपास टेंभी नाक्याची देवी, गणपतीत तर बोलायलाच नको. म्हणजे वस्तू घरी आणायला जे दिवस शुभ, नेमके त्याच दिवशी रस्ते बंद. साडेतीन मुहूर्तांपैकी मला सोयीची वाटते ती अक्षय्य तृतीया. रस्ते मोकळे असतात. फक्त त्या उकाड्यात घामेजलेल्या हातांचे ठसे काळ्या चकचकीत पॉलिशवर इतके स्वच्छ उमटतात, की पोलिसांना उपयोगी पडावेत.

गेटवरचा संवाद ठरलेला.

"काय हाय ह्यात?"

"स्पीकर."

"मंडळाचे?"

"नाही हो, घरचे."

"घरात येवढे?" म्हणून वॉचमनदादा रजिस्टरात 'फ्रिज' लिहितात. दुरुस्त करायला जाऊ नये. फ्रिजला कुठल्याच सोसायटीची हरकत नसते. 'स्पीकर, दोन नग' वाचून मात्र सेक्रेटरीकाका चष्मा पुसतात.

डिलिव्हरीच्या चलनावर सही करण्याआधी दोन मिनिटं खोक्याभोवती प्रदक्षिणा घालावी. सहाही बाजूंचे फोटो, तळ धरून. काही खोक्यांवर धक्का बसला की लाल होणारं लेबल असतं, ते आधी बघावं. कोपरा चेपलेला असेल तर चलनावरच पेनाने लिहावं: 'डावा खालचा कोपरा चेपलेला, आत न तपासता ताब्यात घेतले.' ड्रायव्हर घाई करतोच. त्याला पाणी द्यावं, सही देऊ नये.

आता माणसं. वाशीच्या बाजारात कांद्याची पोती उचलणाऱ्याला अडतीस किलो म्हणजे काहीच नाही. पोत्याला वर-खाली नसतं, याला असतं. घोळ तिथे होतो. सवयीचा माणूस खोकं झटक्यात पाठीवर आडवं घेतो आणि तुम्ही "ओ मामा, ओ मामा" करत मागे धावता. आधीच सांगावं: उभं न्यायचं, एकाला दोघं, आणि पुढची बाजू जड आहे. आवाज काढणारे शंकू आणि त्यांचे चुंबक पुढच्या फळीवर बसवलेले असल्यामुळे खोकं कायम पुढे झुकू बघतं. वजन सांगावं, किंमत सांगू नये. किंमत ऐकली की चांगल्या माणसाचे हात कापायला लागतात आणि दर वाढतो. मजुरी मजल्यामागे किती, ते खालीच ठरवावं. तिसऱ्या मजल्यावर, खोकं अधांतरी असताना, घासाघीस करायची ताकद फक्त एका बाजूकडे असते, आणि ती आपली नसते.

लिफ्टबद्दल लोकांना भलतीच भीती वाटते: वजनाची. आपल्याकडे लिफ्टचा हिशोब माणशी ६८ किलोचा असतो, म्हणजे सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची. दोन खोकी आणि दोन माणसं मिळून सव्वादोनशेच्या आत बसतात. ओव्हरलोडची घंटी वाजणार नाही. पण सहाच्या लिफ्टचा प्रमाण आकार आत ११०० बाय १००० मिलीमीटर आणि दार ७००. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत चार माणसांची लिफ्ट असेल तर खोली ७०० वर येते. तिथे एक खोकं आणि एक माणूस, तोही शाकाहारी.

माणूस मात्र हवाच. खोकं एकटं वर पाठवून दोघांनी जिन्याने धावायचं, हा बेत दर वेळी कोणीतरी मांडतो आणि दर वेळी तो दुसऱ्या मजल्यावर फसतो. तिथे भाजीच्या पिशव्या घेऊन थांबलेल्या काकूंनी बटण दाबलेलं असतं. दार उघडतं, समोर सव्वाशे सेंटीमीटरचं मौन. त्या घाबरून बाजूला होतात आणि लिफ्ट पुन्हा तळाला जाते. जुन्या जाळीच्या लिफ्टमध्ये वेगळी तऱ्हा: वरच्या मजल्यावर कोणीतरी जाळी अर्धवट ओढलेली असते, लिफ्ट जागची हलत नाही आणि अख्ख्या जिन्यात "जाळी लावा रेऽऽ" घुमतं. म्हणून एक माणूस खोक्याबरोबर, एक वर दार धरून, आणि बाकीच्यांनी खाली दुसऱ्या खोक्याची राखण करावी.

लिफ्ट मजल्याशी बरोबर थांबतेच असं नाही. अर्धा इंच वर किंवा खाली राहते आणि ट्रॉलीची चाकं त्या पायरीला अडतात. मागचा माणूस जोर लावतो, चाकं थांबतात, खोकं थांबत नाही. खिशात मावेल असा नाही, पण काखेत मावेल असा प्लायवूडचा तुकडा बरोबर ठेवावा, फूटभर रुंद. तो फटीवर टाकला की ट्रॉली अलगद उतरते. या अख्ख्या मोहिमेतलं सगळ्यात स्वस्त हत्यार हेच, आणि आयत्या वेळी नेमकं हेच सापडत नाही.

वाशीतल्या सिडकोच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतींत जिन्याशिवाय गत्यंतर नाही. जिन्यात दणकट माणूस खाली, उंच माणूस वर. वरचा फक्त तोल आणि दिशा सांभाळतो. भार खालच्याच्या छातीवर येतो. प्रत्येक चौकात टेकवायचं. घड्याळ, अंगठ्या, पट्ट्याचं बक्कल आधीच काढून ठेवायचं. हे आत, उघड्या स्पीकरला हात लावताना तर फारच महत्त्वाचं. हातमोजे रबरी ठिपक्यांचे. नुसते सुती मोजे पुठ्ठ्यावर सटकतात.

मग येतो उंबरठा. दाराची चौकट मीटरभर रुंद, पण सेफ्टी डोअर बाहेर पूर्ण उघडत नाही, कारण मागे शेजारच्या वहिनींचा चपलांचा रॅक. उरते जेमतेम खोक्याएवढी फट. पंचावन्नचं खोकं जातं, दोन्ही कडांना धरलेले हात जात नाहीत. बोटं सोलून घेण्यापेक्षा खोकं ट्रॉलीवर मागे कलंडवून, एकाने मागून धरून न्यावं. खाली ग्रॅनाइटची पट्टी वर आलेली असते, पुन्हा प्लायवूड. नेमक्या या क्षणी आतून आवाज येतो, "थांबा, तिथेच थांबा!" आणि औक्षणाचं तबक येतं. याला विरोध करणाऱ्यांतला मी नाही. मात्र कुंकू लावायचं ते खोक्याला. तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट स्पीकरच्या व्हिनियरवर, म्हणजे वरच्या पातळ लाकडी थरावर, टेकलं तर डाग मुरतो. खोक्यावर स्वस्तिक काढा, मधोमध, ठसठशीत. नारळही बाहेरच फोडा. पाणी आणि एमडीएफ यांचं नातं वर सांगितलंच आहे.

खोकं उघडताना स्पीकर वरून उपसून काढायचा नसतो. फोमने तो इतका घट्ट धरलेला असतो की दोघांनी ओढलं तर खोकंच वर येतं. बहुतेक खोक्यांची युक्ती उलटी असते, आणि ती झाकणावर चित्रात दिलेली असते. ते चित्र आपण कटरने मधोमध कापतो. वरच्या पट्ट्या उघडून पूर्ण बाहेर दुमडायच्या, सुटे भाग काढून घ्यायचे, मग दोघांनी मिळून अख्खं खोकं उलटं करायचं आणि पुठ्ठा सरळ वर ओढून घ्यायचा. आता स्पीकर शीर्षासनात, फोमवर उभा. तळ वर आलेला असतो, तेव्हाच तळाची पाटी बसवायची. चारही स्क्रू आधी बोटाने दोन-दोन आटे फिरवायचे, मग ॲलन कीने समोरासमोरचे कसायचे. एक स्क्रू पुरता आवळून दुसऱ्याला हात घातला तर चौथा भोकाशी जमत नाही. मग हातोडीची भाषा सुरू होते.

सुलटा करताना हात तळाला आणि पाठीला. पाठीमागे एक गोल, गुळगुळीत, हाताला अगदी सोयीचं भोक असतं. त्यात हात घालून उचलायचा मोह भल्याभल्यांना होतो. ती मूठ नाही, बासची, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या सुरांची, हवा खेळवणारी नळी आहे, आणि तीस किलो पेलायला ती केलेली नाही. पुढच्या बाजूला बोटभर रुंदीचा रेशमी घुमट दिसतो, तो ट्वीटर, वरचे बारीक सूर काढणारा. जाळी लगेच लावावी, कारण घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला तो घुमट डोअरबेल वाटतो. दाबला गेलाच तर व्हॅक्युम क्लीनर लावू नये. खळगा निघतो न निघतो, आतली तार मात्र निघू शकते.

आता स्पीकर जागेवर न्यायचा. इथे सोलापुरी चादरीला तोड नाही. चौपदरी घडी, वर स्पीकर, एकाने चादर ओढायची, दुसऱ्याने पाठ धरायची. गुळगुळीत टाइल्सवरून तीस किलो लोण्यासारखे सरकतात. पाकिटातले टोकदार खिळे तोवर लावायचे नाहीत. खरं तर नंतरही लावू नयेत, असं माझं मत. ते गालिचा भेदून खालच्या जमिनीवर टेकण्यासाठी असतात. ठाण्याच्या हॉलमध्ये भेदण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे टाइल. लावायचेच असतील तर खाली मधे खळगा असलेली चकती हवी. रुपयाचं नाणं चालत नाही, त्यावरून खिळा घसरतो. रबरी पाय बरे.

जागेचा वाद मोठा. दोन स्पीकरांत सहा-सात फूट, मागच्या भिंतीपासून निदान फूट-दीड फूट, कोपरा टाळायचा. भिंतीला चिकटवला की बास फुगतो, कोपऱ्यात आणखी फुगतो. पण फूटभर पुढे आणला की बाल्कनीची वाट अडते, आणि पावसाळ्यात कपड्यांचा स्टँड कुठे ठेवायचा, हा प्रश्न भौतिकशास्त्राला उत्तर नसलेला. सोळा फुटांच्या हॉलमध्ये ३५ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतोच, कारण त्या लहरीची लांबी बत्तीस फूट, खोलीच्या बरोबर दुप्पट. पडदे, सोफा, वाळत घातलेल्या चादरी वरचे सूर गिळतात. बत्तीस फुटी लहरीला त्यांची दखलही नसते. ती सरळ स्लॅबमधून खालच्यांच्या दिवाणाखाली पोचते. बरोबर फोमचे बोळे आले असतील तर ते मागच्या नळीत घालून बघावेत. नसतील तर पायमोजांची जोडी गुंडाळून घालावी, धुतलेली. रात्री दहानंतर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेतच, पण त्याआधी खालच्या मजल्यावरची लाटण्याची ठकठक येते.

वायर अडीच स्क्वेअर एमएमची, लालला लाल, काळ्याला काळी. एका स्पीकरला उलटी लागली तर काही जळत नाही, फक्त बास गायब होतो आणि गायक दोन स्पीकरांच्या मधे कुठेच उभा राहत नाही. दुकानदाराला फोन करण्याआधी हे बघावं.

उरली खोकी. ती जपून ठेवावी लागतात, कारण स्पीकर दुरुस्तीला पाठवायचा किंवा विकायचा तर दुसरं काही त्याला बसत नाही. माळा दोन फुटी, खोकं चार फुटी. पुठ्ठा सपाट करून कपाटामागे सरकवावा, आधी चिकटपट्टीचे तुकडे काढून, नाहीतर झुरळं तिथे गृहप्रवेश करतात. फोमच्या तुकड्यांवर मार्करने 'डावा वर', 'उजवा खाली' लिहावं. हे एकाच दिवशी करावं, कारण रविवारी सकाळी भंगारवाला खाली ओरडतो, आणि बाल्कनीतून घरचंच कोणीतरी त्याला म्हणतं, "थांबा हो भाऊ, पुठ्ठा आहे." तेवढ्यात आपण कपाटाला पाठ लावून उभं राहायचं.