शिवी वाचून व्यथित कसे व्हावे

पुस्तक वाचताना नेमके कुठे दचकायचे, याबाबत पुष्कळ वाचक गोंधळलेले असतात. नियम सोपा आहे: खुनाला दचकू नये, शिवीला दचकावे. रहस्यकथेत पहिल्याच पानावर प्रेत सापडते, पुढे कुणाला विष घालतात, कुणाच्या पाठीत सुरा खुपसतात. हे सारे लोळत वाचावे. मात्र सुरा खुपसताना खुनी काही वावगे बोलला, तर पुस्तक ताबडतोब मिटावे. माणूस मारताना तरी जिभेला वळण नको?

आणि स्वतःसाठी कधीही दुखावू नका. कुणी गाडी आडवी घातली की तुमच्या तोंडून काय बाहेर पडते, हे शेजारी बसणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून असे म्हणावे, ‘मला काही नाही हो वाटत, पण उद्या एखाद्या कोवळ्या मुलाच्या हाती हे पडलं तर?’ हे मूल फार उपयोगी आहे. ते कधी कुणाला भेटत नाही. शाळेच्या मैदानावर त्याच्या कानी वाईट शब्द पडलेला नसतो. आणि चारशे पानांची जाडजूड कादंबरी ते हौसेने वाचते, ती बरोबर त्या संवादापर्यंत.

मूल हाताशी नसेल तर बायको चालेल. १९६० साली लंडनमध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या इंग्रजी कादंबरीवर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकिलाने ज्युरींना विचारले की हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकरांनी वाचावे असे तुम्हाला वाटेल का. ज्युरींमध्ये तीन बायका होत्या. मग त्यांनीही ते वाचून संपवले.

त्या वकिलाकडून शिकण्यासारखे आणखी आहे. कुठला शब्द किती वेळा आला, हे त्याने मोजून आणले होते. एक तर किमान ३० वेळा. याला म्हणतात सखोल वाचन! तेव्हा हातात पेन्सिल असू द्या. निसर्गवर्णने गाळा, पात्रांची दुःखे गाळा, वेळ वाचवा. मोजणी चुकली असे वाटले तर पुन्हा पहिल्यापासून वाचा.

काही लेखक सभ्य असतात, ते फुल्या घालतात. तिथे तुमचे काम वाढते. किती फुल्या, किती अक्षरे, हे जुळवून पाहावे. जुळले नाही तर आणखी घाणेरडी शिवी आठवावी. लेखकाने काहीच लिहिले नाही आणि तुम्ही सगळे वाचले, असा हा व्यवहार आहे. दोष अर्थातच लेखकाचा.

‘आपल्या संतांनी असं कधी लिहिलं नाही,’ हे वाक्य ठेवणीत असावे. फक्त ते म्हणण्याआधी तुकोबांची गाथा चुकूनही उघडू नये. ‘कासेची लंगोटी’ शाळेत पाठ केली आहे ना? मग तेवढ्यावर थांबा. गाथेच्या छापील प्रतींत त्या जागी ‘कास’ नाही, शरीराचा जरा मागचा भाग आहे.

उलट पंथाचे वाचकही आहेत, त्यांना दोन पाने शिवीशिवाय गेली की लेखक पांढरपेशा वाटू लागतो. त्यांच्यासाठी वेगळी सूचना नको. ‘रांगडी’ आणि ‘जळजळीत’ एवढी दोन विशेषणे त्यांना आयुष्यभर पुरतात.

एवढे करूनही चैन पडले नाही तर रीतसर तक्रार करा, बंदी मागा. पण कुणाविरुद्ध, ते नीट बघून. लंडनच्या त्या खटल्यात प्रकाशक निर्दोष सुटला आणि विक्री सुरू झाली त्याच दिवशी दोन लाख प्रती संपल्या. तेव्हा ओळखीतला एखादा लेखक वर्षानुवर्षे खपत नसेल, तर त्याच्यावर एवढे उपकार अवश्य करा. आधी त्याला शिव्या घालायला मात्र सांगा. पुस्तकात.