एकवीसचा वाद आणि सतराची पोटुशी

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलींच्या लग्नाच्या वयाचा वाद परत पेटलाय. वय 18 वरून 21 करण्याचं विधेयक 2021 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि 2024 मध्ये सभागृह विसर्जित होताच बारगळलं. ते परत आणा, असा मंडळींचा हट्ट. मी इंग्लंडमध्ये बसून वाचते. एवढा कीस पाडताना, सतराव्या वर्षी आधीच दिवस गेलेल्या पोरीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

तिचं स्वतःचंच अंग अजून भरायचं असतं, त्यात बाळ वाटेकरी. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) भारतात 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. अशा अंगाला बाळंतपणातला रक्तस्राव सोसत नाही. फारच कोवळ्या वयात कंबरेचं हाड पुरतं रुंदावलेलं नसतं, मूल अडतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं होण्याची भीतीही जास्त. आणि रक्तदाब चढून झटके येणं, हे तर विशीतल्या बाईपेक्षा या मुलींत अधिक.

हे झटके बहुतेकदा आधी चाहूल देतात. मी काम करते त्या दवाखान्यात मिडवाइफ दंडाला पट्टा बांधते, लघवीत प्रथिनं आहेत का बघते, डोकं ठणकतं का, डोळ्यांपुढे चमकतं का, विचारते. कुणी जबरदस्ती केली का, हेही विचारते, पण एकटीला घेऊन. लग्नाचा विषय निघत नाही.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. अल्पवयीन आयांची बाळं इथेही कमी वजनाची निघतात. गरिबी आणि सिगरेट इथल्याही पोरींना सुटलेली नाही. पण 1999 मध्ये सरकारने शाळेत लैंगिक शिक्षण आणि तरुणांसाठी दवाखाने यांवर जोर दिला, आणि 2014 पर्यंत अठराच्या आतल्या गर्भधारणांचं प्रमाण निम्म्यावर आलं. गंमत म्हणजे तेव्हा आईबापांच्या संमतीने सोळाव्या वर्षी लग्न चालत होतं! अठराची अट आली 2023 मध्ये.

आपल्याकडे पॉक्सोमुळे, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यामुळे, अठराच्या आतली गरोदर मुलगी आली की डॉक्टरांना पोलिसांत कळवावंच लागतं, मग तिचं लग्न झालेलं का असेना. ते लचांड नको म्हणून घरचे वय वाढवून सांगतात किंवा दवाखाना टाळतात, आणि तपासणीचे महिने हातचे जातात. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गर्भपातापुरती, मुलीचं नाव पोलिसांना न देण्याची मुभा डॉक्टरांना दिली. मूल ठेवणाऱ्या मुलीच्या बाबतीतही ती द्या. जबरदस्तीचा संशय आला, तर नावानिशी कळवायला कोण अडवतंय?