डोळे मिटून आणि आवाज न करता सराव: एका आक्षेपाला उत्तर

पियानोच्या सरावावरील माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. डोळे मिटून वाजवणे, आवाज उमटू न देता पट्टी दाबणे आणि वाद्यापासून दूर बसून मनात वाजवणे या मी सुचवलेल्या पद्धती निव्वळ क्लृप्त्या आहेत, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) लावून संथ लयीत केलेला सराव पुरेसा आहे आणि असल्या प्रयोगांपायीच जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी आपला हात गमावला, असे आपले म्हणणे आहे.

शूमान यांच्यापासून सुरुवात करतो. १८३०च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या उजव्या हाताचे बोट निकामी झाले, हे खरे आहे. त्यामागच्या कारणांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ज्या प्रयोगाला दोष दिला जातो, तो बोट यांत्रिक साधनात अडकवून त्याचे बळ वाढवण्याचा होता. मी सुचवलेल्या पद्धतींत हातावर बाहेरून कसलाही ताण येत नाही, म्हणून ही तुलना मला मान्य नाही.

आवाजाविना पट्टी दाबण्यामागे तर पियानोच्या रचनेचेच कारण आहे. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते, परंतु तारेवर आघात करणारी हातोडी तारेपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर असतानाच यंत्रणा तिला मोकळी सोडते आणि उरलेले अंतर ती केवळ मिळालेल्या वेगावर कापते. म्हणजे पट्टी तळाला टेकण्याच्या थोडे आधीच स्वराचा जोर ठरून गेलेला असतो आणि त्यानंतर बोटाने कितीही दाबले तरी त्यात काही भर पडत नाही. पट्टी अतिशय सावकाश दाबली तर तळाच्या थोडे वर एक बारीकसा अडथळा बोटाला जाणवतो. हातोडी सुटण्याची जागा तीच. ही जागा बोटाला एकदा ओळखीची झाली की तळाशी जोर लावत राहण्याची सवय सुटू लागते, मनगट सैल राहते आणि हळुवार स्वर वाजवताना काही स्वर मुळीच न उमटण्याचा जो त्रास सर्वांना होतो, तोही कमी होतो. मोठ्याने वाजवत असताना हा अडथळा जाणवणे जवळजवळ अशक्य असते.

डोळे मिटण्याबद्दल आपण विचारता की दिसत असताना आंधळेपणाने का वाजवायचे. कारण डाव्या हाताला लांब उडी घ्यायची असते त्याच क्षणी नजर बहुधा उजव्या हातावर किंवा स्वरलिपीवर असते. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत मांडलेल्या असल्यामुळे त्यांच्या कडा आणि मधल्या मोकळ्या जागा बोटांना वाचता येतात. जवळजवळ दृष्टिहीन असलेले पियानोवादक आर्ट टेटम जॅझमध्ये ज्या वेगाने वाजवत, तो वेग स्पर्शाच्या याच ज्ञानावर उभा होता. फक्त क्रम पाळावा: डोळे मिटून हात नव्या जागी न्यावा, पट्टी न दाबता बोट टेकवावे, मग डोळे उघडून खात्री करावी आणि त्यानंतरच वाजवावे. चुकीचा स्वर एकदाही न वाजवता अंतर अंगवळणी पडते, हा मला या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

मनातल्या सरावाबद्दल थोडक्यात सांगतो. पियानोवादक वाल्टर गीझेकिंग आणि त्यांचे शिक्षक कार्ल लाइमर यांनी स्वरलिपी वाचून, वाद्याला हात न लावता रचना पाठ करण्यावर भर दिला होता, त्यामुळे हा मार्ग माझा नाही आणि नवाही नाही.

संथ सरावाचे मोल मी नाकारत नाही. मात्र संथ लयीत प्रत्येक बोट स्वतंत्रपणे उचलायला आणि हात सरकवायला भरपूर सवड मिळते. जलद लयीत त्याच हालचाली एकमेकींत मिसळतात आणि कित्येकदा त्यांचे स्वरूपच बदलते. म्हणून तीन-चार स्वरांचा तुकडा पूर्ण वेगात वाजवून थांबावे, हात सैल सोडावा आणि मग पुढचा तुकडा घ्यावा, असे मी संथ सरावाच्या जोडीने सुचवतो.

आपला एक मुद्दा मात्र मला पूर्णपणे पटला. डिजिटल पियानोचा आवाज बंद करून तासन्‌तास वाजवले तर कान कामालाच लागत नाही आणि बोटे बेफिकीर होतात. शिवाय अशा अनेक वाद्यांत मी वर सांगितलेला अडथळा नसतोच, त्यामुळे तिथे हा सराव निरर्थक ठरतो. मूळ लेखात मी हा भेद केला नव्हता. तो परिच्छेद आता बदलला असून, आवाजाविना सराव एका वेळी पाच मिनिटांपेक्षा अधिक करू नये आणि त्यानंतर लगेच तोच भाग ऐकत वाजवावा, अशी सूचनाही त्यात जोडली आहे.